सुरतेहून आलेला ताप

परवा आमच्या गल्लीत एका सुनेचं ताट वेगळं काढलं. टीबी निघाला तिला. औषधं सुरू आहेत, नेमाने घेतली तर बरी होशील असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण तिची थाळी, पेला, गोधडी सगळं ओट्याच्या कोपऱ्यात गेलं. पोर आजीच्या ताब्यात. ती उंबऱ्यात बसून पोराकडे बघते आणि रस्त्याने जाणारी प्रत्येक बाई पदर नाकाला लावून पुढे सरकते. मी तिच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाली, "अक्का, तुमले भेव नही वाटत?"

वाटतं. खोटं कशाला बोलू? मी जन्माची भित्री. पाल चुकचुकली तरी मी उठून दिवा लावते. पण ती आज जिथे बसली आहे तिथे मी बसून आले आहे, म्हणून लिहायला घेतलं. लिहिण्याची मला सवय नाही. बोदवडला दहावी झाले आणि लग्न होऊन शिंदखेड्याकडच्या या गावात आले, एवढंच माझं शिक्षण. डॉक्टरी भाषा मला येत नाही, ती इथे मिळायची नाही. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, माझं काय झालं आणि माझ्या बाळाचं काय होईल या भीतीने मी कशी अर्धी झाले, तेवढं सांगते.

सुरतेची खोली

आमच्याकडचं सगळंच सुरतेला जातं. तापीचं पाणी जातं, कापूस जातो, आणि हाताला काम उरलं नाही की माणसंही त्याच वाटेने जातात. आमच्या गावात घरटी एक माणूस तिकडे होता. आमचे हे कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचे. लग्नानंतर दोन वर्षांनी मीही गेले. सुजाता तिथेच झाली. प्लेगच्या वेळी ती आठ महिन्यांची होती, अंगावर पिणारी.

पत्र्याच्या एका खोलीत मधोमध साडी बांधून दोन खोल्या केल्या होत्या. पलीकडे गावाकडचीच पोरं राहायची. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा येऊन त्याच खाटेवर आडवा. ती खाट कधी गार झालेली मी बघितली नाही. एकाला सर्दी झाली की आठवडाभरात सगळ्यांची नाकं गळायची. दारापुढे गटार, गटारापुढे कचऱ्याचा ढीग. त्या पावसाळ्यात तापीला पूर आला, पाणी गल्लीत शिरलं. ओसरलं तेव्हा गुडघाभर चिखल आणि त्यात मेलेली जनावरं. ते उचलायला कितीतरी दिवस कोणी फिरकलं नाही. उंदीर इतके माजले होते की मी झाडू उगारला तरी जागचे हलायचे नाहीत, उलट माझ्याकडेच बघायचे.

मी यांना म्हणायची, "इथे बाळ आजारी पडेल हो." हे म्हणायचे, "इथे रोज हजार बाळं जगतात." ते खरंच होतं.

गाडी

शेजारच्या चाळीतला एक माणूस सकाळी तापाने दवाखान्यात गेला आणि परत आलाच नाही. दुपारपर्यंत 'प्लेग' हा शब्द प्रत्येक नळावर पोचला. मी तो शब्द फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी ऐकलेला. औषधाच्या दुकानांतून कॅप्सुली नाहीशा झाल्या. यांनी कुठूनतरी पिशवीभर मिळवल्या. किती खायच्या, कधी खायच्या, कोणाला माहीत? प्रसाद वाटावा तशा आम्ही वाटून खाल्ल्या.

स्टेशनवर जे बघितलं ते परत बघायला नको. यांनी मला खिडकीतून आत ढकललं, मग सुजाताला माझ्या हातात दिलं, मग पिशवी. दाराशी ते घुसत होते तेवढ्यात गाडी हलली. मागच्या गर्दीने त्यांना खाली ओढलं. पळता पळता ओरडले, "नरडाण्याला उतर, मी मागून येतो." मला त्यांचा एक हातच दिसला.

एरवी ताप्ती लाईनच्या पॅसेंजरमध्ये किती गप्पा, किती भांडणं! त्या दिवशी डब्यात कोणी खोकलं की सगळा डबा गप्प व्हायचा. नंदुरबारला तोंडाला फडकी बांधलेली माणसं चढली, कपाळांना हात लावून बघून गेली. मला तोवर ताप नव्हता, नुसतं अंग दुखत होतं. बाळाला घेऊन खिडकीशी चेंगरून बसल्यावर अंग दुखणारच, अशी मी माझीच समजूत घातली.

गल्ली

सुरतेहून आलेल्या माणसाची आमच्याकडे एक रीत आहे. पिशवीत कटपीस असतात. कोणाला ब्लाउजपीस, कोणाला फ्रॉकचं कापड. आधी गल्लीत फिरून ते वाटायचे, मग घरी पाय धुवायचे. पोरं तर रस्त्यावरच येऊन पिशवीला लोंबकळतात. त्या सकाळी मी गल्लीत शिरले आणि पोरं दिसलीच नाहीत. दारं लोटलेली. शेजारची वत्सला मी नीट पोचायच्या आत सुजाताला माझ्याकडून हिसकावून घेणारी. तिने फटीतून बघितलं आणि कडी लावली. कडीचा आवाज मला ऐकू आला.

आमच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांनी हात वर केला. "थांब. आठेच थांब." मी होते तिथेच उभी राहिले.

कडुलिंबाचा पाला टाकून पाणी तापवलं, दोन लुगड्यांचा आडोसा केला, मला आणि बाळाला डोक्यावरून आंघोळ घातली. अंगावरचे कपडे जाळले. पिशवी काठीने उचलली आणि त्यातले नवे कोरे कटपीसही आगीत घातले. मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात दारांच्या फटींतून आवाज यायला लागले, "बाई, त्या गोळ्या आन्यात का?" आत्याबाईंनी कॅप्सुलींची पुडी मात्र बाजूला काढली आणि दारोदार फिरून स्वतःच्या हाताने वाटली. कापडाला प्लेग लागतो, गोळ्यांना लागत नाही! आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

संध्याकाळी विहारापुढे माणसं जमली. आमची गल्ली गावाच्या कडेला का आहे, हे सांगायला नको. कोणाच्या सावलीने बाटणं, कोणी वरून पाणी ओतणं, हे आमच्या आधीच्या पिढीने भोगलेलं, आणि त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. आणि आता त्याच गल्लीत बसून आपलीच माणसं म्हणत होती की हिला वेशीबाहेर ठेवा. मी आडोशाला बाळ घेऊन ऐकत होते. भीती बाजूला राहिली, मला संताप आला. असं वाटलं, उठावं आणि एकेकाच्या घरात जाऊन मुद्दाम बसावं.

मग आबा बोलले. आबा गल्लीतले सगळ्यात म्हातारे, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांच्या काळातल्या गाठीच्या तापाची गोष्ट त्यांनी घरी ऐकली होती. घरात उंदीर पडले की अख्खं गाव घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचं. "तवय बठ्ठं गाव आपला बाजूले ऱ्हावाले उनं व्हतं," सगळं गाव आपल्या बाजूला राहायला आलं होतं, असं आबा म्हणाले आणि दात नसलेल्या तोंडाने हसले. "मेलेला उंदीर उचलाले, मानसं गाडाले आपलेच बलावेत. मना बाप तठेच गया." बापाचं तिथलं मरण आठवून हसू थांबलं. "पोरीले दूर ठेवा. पन दूर ठेवानं म्हंजे टाकी देवानं नव्हे. नजरमा ऱ्हाई इतलं दूर."

म्हणून माझी रवानगी आमच्या खळ्यात झाली. खळं म्हणजे गावाला लागून, कडबा आणि बैल ठेवायची आमची जागा. तिथून आमच्या घराचं दार दिसायचं. आत्याबाई कुडावर भाकरी ठेवून मागे सरायच्या, मी पुढे जाऊन घ्यायची. बैलाला वैरण टाकतात तसंच की, असं माझ्या मनात यायचं. पण भाकरीवर तुपाची धार असायची, हेही सांगितलं पाहिजे.

निदान

खळ्यातच मला हुडहुडी भरली. दात दातांवर आपटायला लागले. मग ताप असा चढला की डोळे उघडले तर कडब्याच्या पेंढ्या हलताना दिसत. खोकल्याबरोबर पदरावर तांबूस काहीतरी पडलं. ते बघितल्यावर माझ्या मनात पहिला विचार माझा नव्हता. सुजाता माझ्या कुशीत पीत होती. माझं तोंड तिच्या टाळूवर होतं, श्वास तिच्या नाकात जात होता. मी तिला बाजूला केलं, ती किंचाळायला लागली. परत घेतलं. परत बाजूला केलं. दूध पाजावं तर ताप पाजते की काय, न पाजावं तर उपाशी मारते. असला पेच शत्रूलाही नको.

तिचं रडणं ऐकून आत्याबाई धावत आल्या. कुडाशी थबकल्या. मी ओरडले, "आत येऊ नका!" त्यांनी पदर नाकाभोवती गुंडाळला आणि आत आल्या. माझ्या तांबूस पदराकडे एकदा बघितलं, बाळ उचललं. आबांनी बैलगाडी जुंपायला लावली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला दारातच उभं केलं. तोंडाला रुमाल, हातात काहीच नाही.

"सुरतहून?"

"हो."

झालं. माझं निदान थर्मामीटरने नाही, रेल्वेच्या तिकिटाने झालं. त्यांचाही दोष नाही म्हणा, त्या दिवसांत दुसरा प्रश्नच कोणाला सुचत नव्हता. धुळ्याला न्यायला जीप आली. जीपमधला माणूस म्हणाला, "बाळाला वॉर्डात घेणार नाहीत. कोणाकडे द्यायचं ते आत्ताच ठरवा."

कोणाकडे? घरी जेठांची, यांच्या थोरल्या भावाची, तीन लहान लेकरं. जेठाणीने निरोप पाठवूनच ठेवला होता की सुरतेचं पोर घरात नको. आई म्हणून तिचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. गल्लीत विचारण्यात अर्थ नव्हता. माझं माहेर लांब, आई खाटेला खिळलेली. आत्याबाई बाळाला घेऊन गाडीजवळ उभ्या. त्यांनी बैलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना दमा होता. माझ्याशी त्यांचं कधी फारसं पटलंही नव्हतं. माझ्या बोदवडच्या बोलण्याची त्या चारचौघींत नक्कल करायच्या. आणि त्या बाळासकट जीपमध्ये चढल्या.

धुळ्यात माझ्या नणंदबाई होत्या, कमलअक्का, पांझरा नदीच्या पलीकडे देवपूरला. आत्याबाईंनी ठरवलं होतं की बाळ घेऊन लेकीकडे राहायचं. मला वॉर्डात टाकल्यावर त्या तिकडे गेल्या. घरमालकाने जिन्यातच अडवलं. 'सुरतेचं पोर वर आणलं तर तुम्हीपण सामान काढा.' अक्का जिन्यात बसून रडल्या. तासाभरात आत्याबाई परत दवाखान्याच्या आवारात. आमच्या वॉर्डामागे एक कडुलिंब होता. त्याच्याखाली त्यांनी गोधडी अंथरली आणि माझी लेक मांडीवर घेऊन बसल्या. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की खिडकीबाहेर, झाडाखाली, माझं बाळ आहे.

वॉर्ड

वॉर्ड सगळ्यांपासून बाजूला, एका बैठ्या इमारतीत होता. फिनेलचा वास इतका की पाण्यालाही तीच चव. सकाळी इंजेक्शन, मग कॅप्सुली, मग थुंकीची बाटली. दुपारी डॉक्टर. झाडायला येणाऱ्या मावशींचा आवाज दारातूनच यायचा, "ए सुरतवाली, पाय वर घे." आमची सगळ्यांचीच नावं गेली होती. सगळ्या सुरतवाल्या. मोरे सिस्टर तेवढ्या मला 'शोभाबाई' म्हणायच्या. तोंडाला दुहेरी फडकं बांधून यायच्या, त्यांचे डोळेच तेवढे दिसायचे. त्याही घाबरलेल्या होत्या. सुई टोचताना त्यांचा हात गार असायचा. पण नाव घ्यायच्या. आजारी माणसाला नावाने हाक मारा, याला काही खर्च नाही.

शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याची एक बाई होती. सुरतेला बांधकामावर गेलेली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला थोडी कळायची. माझं दूध दाटलं, छाती दगड झाली. बाळाला पाजायची मनाई, मग भांड्यात पिळून मोरीत ओतायचं. ओतताना हात जड व्हायचा. त्या बाईने एकदा बघितलं, उठली, गरम पाण्यात फडकं पिळून मला कसं शेकायचं ते स्वतःवर करून दाखवलं. तिलाही घरी कोणी लहान असणार. मी विचारलं, तिने जमिनीपासून हातभर उंची दाखवली. तिला भेटायला कधीच कोणी आलं नाही. एक दिवस मी एक्स-रे काढून आले तर तिची खाट रिकामी, गादी उन्हात टाकलेली. मी सिस्टरना विचारलं. म्हणाल्या, "गेली." कुठे, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

तरुण डॉक्टर एकदा माझ्या कागदांकडे बघून वैतागले. "थुंकीत काही सापडत नाही. आधी कॅप्सुली खाल्ल्या होत्या ना? किती?"

"आठवत नाही. सगळ्यांनीच खाल्ल्या."

"मग सापडणार कसं? अर्धवट औषधाने जंतू लपून बसतो. प्लेग असेल, साधा न्यूमोनिया असेल. आम्ही दोन्ही धरून चाललोय."

आजही मला माहीत नाही की मला काय झालं होतं. गल्लीत मी प्लेगवाली म्हणून ओळखली जाते. असो. पण आत्याबाईंनी त्या गोळ्या घरोघर वाटलेल्या आठवल्या आणि अंगावर काटा आला. आजार नाही तोवर मुठीने खाल्ल्या, आणि खरंच कोणाला काही झालं असतं तर डॉक्टर माझ्या कागदांकडे बघत बसले तसेच त्याच्या कागदांकडे बघत बसले असते.

खिडकी

सकाळी ऊन वर आलं की आत्याबाई बाळाला दोन्ही हातांनी उंच धरायच्या. संध्याकाळी पुन्हा एकदा. मी खिडकीचे गज धरून उभी राहायची. चेहरा नीट दिसायचा नाही, पण पाय हलताना दिसायचे. पाय हलले की माझा दिवस निघायचा. अक्का रोज देवपुराहून डबा आणायच्या, आईच्या गोधडीपासून लांब ठेवायच्या आणि लांबूनच डोळे पुसत उभ्या राहायच्या. त्या तिथून ओरडून सांगायच्या तेवढ्याच बातम्या मला मिळायच्या. बाळ बोंडल्याने दूध घेत नाही, थुंकून टाकतं. मग आत्याबाईंनी नदीकाठच्या एका शेळीवालीशी ओळख काढली आणि कापसाची वात दुधात भिजवून तिच्या तोंडात धरली. ती वात ती चोखते. थेंबाथेंबाने पोट कसं भरणार, या हिशेबात माझं डोकं फिरायचं. त्यात यांचा पत्ता नाही. सुरतेहून येणारे रस्ते बंद झाल्याचं ऐकायची, विमानं बंद झाल्याचंही. सगळं जग आमच्याकडे पाठ करून उभं आहे असं वाटायचं.

एका सकाळी झाडाखाली कोणीच नव्हतं. गोधडी होती. बोंडलं होतं. माणसं नव्हती.

मी गजांना धरून ओरडले. सिस्टर आल्या. त्यांनी नजर चुकवली तेव्हाच मला कळलं. "शोभाबाई, बाळ गरम लागतंय. मुलांच्या डॉक्टरांकडे नेलंय. तुम्ही झोपा."

झोपा! मी दाराशी गेले, त्यांनी धरलं. मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, मला मरू द्या पण एकदा बघू द्या. डोळ्यांपुढे फक्त खळ्यातली ती सकाळ. माझं तोंड, तिची टाळू. मीच दिला, मीच दिला, एवढंच माझ्या तोंडून निघत होतं. सिस्टर माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला, मोजा नव्हता हातात.

तो दिवस मी कसा काढला ते सांगता येत नाही. आजवर इतका लांब दिवस मी पाहिला नाही. जेवण समोर येऊन गेलं. ऊन भिंतीवरून खाली सरकलं. मग झाडाखाली हालचाल दिसली. आत्याबाई, आणि त्यांच्याबरोबर एक माणूस, दाढी वाढलेला, मळलेला. हे होते. ट्रकमधून, पायी, नाक्यानाक्यावर तपासण्या देत आले होते, धडधाकट. दुसरा कोणता दिवस असता तर मी आनंदाने वेडी झाले असते. पण मला बाळाचे पाय बघायचे होते.

आत्याबाईंनी बाळाला उंच केलं. पाय हलत होते. पण नुसतं उंच धरून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी बोटाने तिचा खालचा ओठ खाली ओढला आणि खिडकीकडे करून मला काहीतरी दाखवायला लागल्या. एकदा, दोनदा. मला वाटलं, तोंडात काहीतरी उठलंय. गाठ असेल. "काय झालं? तोंडाला काय झालं?" मी ओरडत होते आणि त्या ओठ ओढून दाखवत होत्या.

सिस्टर पळत जाऊन आल्या. दारात उभ्या राहून फडक्याआडून हसत होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"दात आलाय हो तिला. दाताचा ताप. छाती स्वच्छ आहे."

मी खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकल्याला आणि रडण्याला काही फरक राहिला नाही.

दूर, पण किती

बरी होत असताना पडून पडून मी विचार करायची की दोष कोणाचा. उंदराचा, त्याच्या अंगावरच्या पिसवेचा, असं सगळे सांगतात. असेल. पण उंदराला खायला कचरा कोणी ठेवला? गार न होणाऱ्या खाटेवर पाळीपाळीने झोपायला आमच्या पोरांना कोणी लावलं? पुराचा चिखल कोणी उचलला नाही? रोग आभाळातून पडत नाही. जिथे माणसं दाटीने, घाणीत, नाइलाजाने राहतात तिथे तो मुक्काम करतो, आणि मग कामाच्या गाडीने, बसने, विमानानेही सगळीकडे जातो. सगळे घाबरतात तेव्हा घाणीला कोणी नाव ठेवत नाही, त्या गाडीतून उतरलेल्या माणसाला ठेवतात.

ज्यांच्या घरी असा आजार आलाय त्यांना मी एवढंच सांगेन. औषध डॉक्टर सांगतील तसं, तेवढंच आणि शेवटपर्यंत घ्या. शेजाऱ्याला वाटू नका, शेजाऱ्याकडून घेऊ नका. तोंडाला फडकं बांधायचं तर बांधा, ताट वेगळं करायचं तर करा, पण ज्याचं ताट वेगळं केलं त्याच्या नजरेच्या टप्प्यात कोणीतरी बसा. आबांचंच सांगणं आहे ते.

सुट्टी

मला सोडलं त्या सकाळी सिस्टरनी माझे केस विंचरून दिले. आरशात बघितलं तर गालांची हाडं वर आलेली. छाती रिकामी झाली होती. दूध आटलं होतं, आता कितीही शेकलं तरी परत येणार नव्हतं. तरी मी चालत कडुलिंबापर्यंत गेले तेव्हा मनात एकच होतं, की ती मला बघेल आणि झेप घेईल. इतके दिवस त्या एका झेपेवर मी जगले होते.

हे गोधडीची घडी करत होते. आत्याबाईंच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, दम्याने त्यांची छाती वरखाली होत होती. बाळ त्यांच्या कडेवर. मी दोन्ही हात पुढे केले. "सुजी. ये."

तिने माझ्याकडे बघितलं. अनोळखी बाईकडे बघतात तसं, नीट, वरपासून खालपर्यंत. मग मान फिरवली आणि आजीच्या गळ्यात तोंड खुपसलं. मी जवळ गेले तर ओरडलीच. त्यांच्या लुगड्याला घट्ट धरून ओरडायला लागली.

माझे हात तसेच राहिले. मला वाटलं, यापेक्षा वॉर्डातच मेले असते तर बरं. डोळ्यांतून धारा लागल्या. हे काहीतरी बोलायला पुढे आले, आत्याबाईंनी त्यांना बाजूला केलं. त्यांनी बाळाला माझ्या हातात दिलं नाही, मला हात लावला नाही. नुसतं माझ्याकडे बघून, धापा टाकत म्हणाल्या, "रडू नको, पोरी. जित्ती शे, म्हनीसन तोंड फिराई ऱ्हायनी ती."

जिवंत होती म्हणून सुजाता अजून ओरडत होती. चांगलं खणखणीत, छातीतून, खोकला नाही की घरघर नाही. मी त्यांच्या शेजारी गोधडीवर बसले आणि तिचं ते रडणं ऐकत राहिले.